गाळणी आणि निवड : मूत्रपिंडाच्या कार्याची परिभाषा

शरीरातील एखाद्या इंद्रियाचे कार्य शास्त्राबाहेरच्या वाचकास समजावून द्यावयाचे म्हणजे रूपकाचा आश्रय घ्यावाच लागतो. हृदय हा पंप, डोळा हा कॅमेरा आणि मूत्रपिंड ही गाळणी, ही समीकरणे शालेय पाठ्यपुस्तकांतून इतकी रुळलेली आहेत की त्यांचे रूपकत्वच विस्मृतीत गेले आहे. साहित्याच्या अभ्यासकास मृत रूपकाची कल्पना परिचित आहे. वाङ्मयात असे रूपक फारसे नुकसान करीत नाही. फार तर शैली निस्तेज होते. शास्त्रीय विवेचनात मात्र ते विचाराला एका ठिकाणी आणून सोडते आणि तेथून पुढे जाऊ देत नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत असेच घडले आहे. गाळणीचे रूपक असत्य नाही, पण ते अर्धे आहे. आणि जो अर्धा भाग त्यातून निसटतो तोच मूत्रपिंडाच्या कार्याचा गाभा होय. हा निसटलेला भाग कोणता, तो अभ्यासकांच्या हाती कसा लागला आणि तो ध्यानी न आल्यामुळे रुग्णाच्या घरात काय घडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

हा प्रश्न भाषेच्या अंगाने तपासण्यास भिलाईसारखे ठिकाण सोयीचे आहे. येथील पोलाद कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला व त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. मराठी माणसे मात्र या मुलखात त्यापूर्वीपासूनच होती. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानीही नागपूरच होती. ग्रेट ईस्टर्न मार्गालगत, दुर्गच्या बाजूस वसलेल्या नेहरू नगरातील एखाद्या मराठी घराची कल्पना करावी. घरात मराठी, बाजारात व दवाखान्यात हिंदी, असा तेथील नित्याचा व्यवहार. डॉक्टर वृद्ध रुग्णास सांगतात, आपके गुर्दे कमज़ोर हो गए हैं. मुलगा घरी येऊन आईला सांगतो, बाबांच्या किडनीवर परिणाम झालाय. नागपूरहून आलेल्या मावशींच्या वाचनात मूत्रपिंड हा शब्द आलेला असतो, तर नातीच्या हिंदी माध्यमाच्या पुस्तकात वृक्क छापलेले असते. एकाच इंद्रियाला एकाच घरात चार नावे!

या चारांपैकी दोन नावांचे नाते मनोरंजक आहे. गुर्दा हा फारसी शब्द आणि वृक्क हा संस्कृत शब्द हे परके नसून सख्खे आहेत. दोहोंच्या मुळाशी वृत्क असे इंडो-इराणी रूप मानले जाते. संस्कृतात त्यातील जोडाक्षराचे समीभवन होऊन वृक्क झाले. इराणी शाखेत आद्य वकाराचा पुढे गकार झाला. संस्कृत वृक म्हणजे लांडगा, त्याचे फारसीत गुर्ग झाले, तोच हा प्रकार. म्हणजे दवाखान्यातील यावनी वाटणारा गुर्दा आणि पाठ्यपुस्तकातील तत्सम वृक्क यांची तीन-चार हजार वर्षांनी एका घरात गाठ पडते, आणि परिभाषेच्या शुद्धाशुद्धतेवर वाद घालणारे पक्ष त्यांना एकमेकांचे वैरी समजतात. हिंदीत दिल-गुर्दा म्हणजे धैर्य. मराठीने धैर्याचे स्थान छातीत व काळजात ठेवले आणि गुर्दा खाटकाच्या दुकानापुरता राहू दिला.

मूत्रपिंड या शब्दाची जात निराळी आहे. वृक्क आणि गुर्दा ही नुसती नावे होत. त्यांतून त्या इंद्रियाच्या कार्याविषयी काहीच कळत नाही. मूत्रपिंड हे मात्र विधान आहे: मूत्राशी संबंध असलेला पिंड. हे विधान आज स्वयंसिद्ध वाटते, परंतु आपल्या प्राचीन वैद्यकास ते मान्य झाले नसते. चरक व सुश्रुत हे दोघेही वृक्कांचा संबंध मेदोवह स्रोतसांशी, म्हणजे चरबीच्या मार्गांशी जोडतात. मूत्रपिंडे चरबीच्या जाड आवरणात गुरफटलेली असतात हे ज्याने शवात पाहिले असेल त्यास ही समजूत अगदीच निराधार वाटणार नाही. मूत्र मात्र त्यांच्या मते पक्वाशयाकडून अतिसूक्ष्म मार्गांनी बस्तीत येते. हे मार्ग दिसत नसता बस्ती भरते कशी, हे सांगण्यासाठी सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, मुतखड्याच्या प्रकरणात, नव्या घड्याचा दृष्टान्त आला आहे. कोरा घडा गळ्यापर्यंत पाण्यात ठेवला असता त्याचे तोंड पाण्याबाहेर असूनही तो भिंतींतून पाझरून आपोआप भरतो, तसे हे होते.

स्थान चुकले, पण दृष्टान्त चुकला नाही, असे म्हणावेसे वाटते. अदृश्य छिद्रांच्या भिंतीतून दाबाखाली द्रव पाझरणे ही मूत्रनिर्मितीची पहिली पायरी आहे, आणि ती समजावून द्यावयास मातीच्या भांड्याइतके चांगले उदाहरण आजही सापडणार नाही. पाश्चात्त्य परंपरेत मूत्राचे स्थान दुसऱ्या शतकात गेलेनने प्रयोगाने ठरविले. जिवंत प्राण्याच्या मूत्रवाहिन्या त्याने बांधल्या. मूत्राशय रिकामे राहिले. मूत्र वरून, मूत्रपिंडांतून येते हे यामुळे सिद्ध झाले. ते तेथे कसे तयार होते हे मात्र गेलेनलाही सांगता आले नाही.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळावयास हरकत नाही. कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, घेवड्याच्या बीसारखी दिसणारी, सुमारे ११ सेंटिमीटर लांबीची ही दोन पिंडे मिळून जेमतेम ३०० ग्रॅम भरतात. म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकी. तथापि हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या सुमारे ५ लिटर रक्तापैकी पाचवा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा अधिक, एकट्या या दोघांकडे जातो. इतक्या लहान इंद्रियाला इतके रक्त केवळ त्याच्या पोषणासाठी लागणार नाही हे उघड आहे. ते कामासाठी येते.

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी १० लाख सूक्ष्म घटक असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, आणि त्या गुच्छाभोवती पेल्यासारखे दुहेरी भिंतीचे संपुट असते. गुच्छ व संपुट ही या यंत्रणेची खरी गाळणी होय. शरीरात अन्यत्र केशवाहिन्यांच्या पुढे शिरा असतात, त्यामुळे त्यांतील दाब उतरत जातो. येथे गुच्छाच्या आधी रोहिणी आणि नंतरही रोहिणीच, अशी अनोखी मांडणी आहे. पुढची वाट अरुंद असल्यामुळे गुच्छातील रक्त दाबाखाली राहते आणि त्यातील पाणी व पाण्यात विरघळलेले सर्व लहान रेणू भिंतीतून संपुटात ढकलले जातात. रक्तपेशी आरपार जाऊ शकत नाहीत; अल्ब्युमिनसारखी प्रथिनेही आकाराने मोठी व ऋणविद्युत्भारित असल्यामुळे बहुतांशी अडविली जातात. मीठ, साखर, युरिया, आम्ले, जीवनसत्त्वे, औषधे, विषे यांत मात्र काहीही भेद होत नाही. जे लहान आहे ते सर्व खाली पडते.

येथवर गाळणीचे रूपक चोख चालते. यापुढे आकडे त्याला थांबवितात. दोन्ही मूत्रपिंडांतून दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव अशा रीतीने पाझरतो. दिवसाचे गणित केले तर १८० लिटर होतात. शरीरातील रक्तद्रवच मुळी सुमारे ३ लिटर. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा या भिंतींतून बाहेर टाकला जातो. या १८० लिटरांत सुमारे १८० ग्रॅम साखर असते आणि एक किलोहून अधिक मीठ असते. आणि दिवसअखेर माणसास लघवी होते ती दीड लिटर, तीही निरोगी माणसाची असल्यास साखरेविना. उरलेले सारे गेले कोठे?

ते परत घेतले गेले. मूत्रपिंडाचे खरे कर्तृत्व या परत घेण्यात आहे. संपुटापासून निघणारी वळणावळणाची नलिका पाझरलेल्या द्रवातून शरीरास हवे असलेले पदार्थ उचलून पुन्हा रक्तात आणून सोडते. साखर पहिल्याच वळणांत जवळजवळ पूर्ण उचलली जाते. मीठ व पाणी यांचा सुमारे दोनतृतीयांश भागही तेथेच. पुढील भागांत उरलेल्याचा हिशेब अधिक बारकाईने होतो. युरियाचा निम्मा भाग परत येतो. क्रिएटिनीन जवळजवळ मुळीच परत येत नाही. म्हणूनच रक्तातील क्रिएटिनीनच्या प्रमाणावरून मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज बांधतात.

छत्तीसगडास भाताचे कोठार म्हणतात. तेव्हा उदाहरण तांदळाचेच घ्यावे. घरात तांदूळ निवडावयास बसलेली बाई खडे वेचून बाजूस टाकते व तांदूळ ताटात राहू देते. खडे थोडे, तांदूळ पुष्कळ. त्यामुळे हीच पद्धत शहाणपणाची. मूत्रपिंड याच्या नेमके उलट वागते. ते सबंध ताट जमिनीवर उपडे करते आणि मग तांदळाचा एकेक दाणा वेचून पुन्हा ताटात ठेवते. खडे जमिनीवरच राहतात. निवडणे हे क्रियापद मराठीत दोन्ही अर्थांनी चालते, टाकाऊ काढून टाकणे व हवे ते वेचून घेणे. मूत्रपिंडाचे काम दुसऱ्या अर्थाचे आहे. गाळणे हे क्रियापद मात्र त्या कामाच्या जवळपासही पोचत नाही.

असा उधळेपणा निसर्गाने का पत्करला असावा? होमर स्मिथ या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका वाचनीय ग्रंथात याचे उत्तर उत्क्रांतीत शोधले. गोड्या पाण्यातील आदिम माशांच्या अंगात पाणी सतत शिरत असे; ते उपसून टाकण्यासाठी पाझरणारे गुच्छ निर्माण झाले, आणि प्राणी जमिनीवर आल्यावर तेच पाणी वाचविण्याची पाळी आली, असे त्याचे प्रतिपादन. यातील गोड्या पाण्याच्या मूळस्थानाचा भाग पुढे वादग्रस्त ठरला. परंतु या रीतीचा एक लाभ वादातीत आहे. जो टाकाऊ पदार्थ वेचून काढतो त्याला प्रत्येक टाकाऊ पदार्थाची ओळख असावी लागते. मूत्रपिंडाला अशा ओळखीची गरज नाही. जे कधी पाहिलेले नाही, ज्याचे नाव नाही, काल-परवा कारखान्यात प्रथमच तयार झाले असेल असे लहान रेणूही, परत घेणारे कोणी नसल्यामुळे, आपोआप बाहेर जातात. मूत्रपिंडाजवळ कचऱ्याची यादी नसते. आपल्या मालमत्तेची यादी असते.

ही निवड फुकट होत नाही. गाळण्याला लागणारी शक्ती हृदयाच्या दाबातून मिळते. त्यासाठी मूत्रपिंडास स्वतःचे काही खर्चावे लागत नाही. परत घेण्यासाठी मात्र नलिकेच्या पेशींना क्षारांचे कण उतारावरून नव्हे तर चढावर ओढून न्यावे लागतात. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जो प्राणवायू वापरते त्यातील सात-आठ टक्के हिस्सा ही ३०० ग्रॅमची पिंडे घेतात, आणि तो मुख्यतः सोडियम परत मिळविण्यात खर्च होतो. चहाच्या गाळणीला प्राणवायू लागत नाही, एवढे सांगितले तरी रूपकाची मर्यादा ध्यानात यावी.

शास्त्राच्या इतिहासात हे दोन भाग वेगळे करावयास ऐंशी वर्षे लागली. १८४२ साली इंग्लंडमध्ये विल्यम बोमन याने गुच्छाभोवतीच्या संपुटाचा नलिकेशी असलेला सांधा दाखवून दिला. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लुड्विग याने असा विचार मांडला की गुच्छातून प्रथिनांखेरीज सर्व काही केवळ दाबाने पाझरते व नलिकेत त्यातील बहुतेक परत शोषले जाते. बोमनचे मत निराळे होते: गुच्छ केवळ पाणी पुरवितो, घन पदार्थ नलिकेच्या पेशी स्रवतात. पुढे हायडेनहाइनसारख्या समर्थ अभ्यासकाने स्रावाचा पक्ष उचलून धरला. लुड्विगचे मत मानले तर रोज प्रचंड द्रव बाहेर टाकून परत घ्यावा लागतो, आणि इतका निरर्थक द्राविडी प्राणायाम शरीर करील हे पुष्कळांना पटेना. वादाचा निकाल १९२४ मध्ये अमेरिकेत लागला. वेर्न व रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातील एकाच संपुटात सूक्ष्मदर्शकाखाली काचेची केसाहून बारीक नळी खुपसून त्यातील थेंब काढला. संपुटातील द्रवात साखर व क्लोराइड सापडले, प्रथिने नव्हती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातील मूत्रात साखर नव्हती. जे वर होते ते खाली नाही, अर्थात वाटेत ते कोणीतरी काढून घेतले. एका थेंबाच्या पुराव्यावर लुड्विगचा पक्ष उभा राहिला. बोमनचा पक्ष सर्वस्वी हरला असे मात्र नाही. काही पदार्थ नलिका स्वतःहून मूत्रात टाकते हेही पुढे सिद्ध झाले. पेनिसिलीन हे त्याचे गाजलेले उदाहरण. १९४० नंतरच्या टंचाईच्या काळात रुग्णाच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा वापरीत.

निवडीची क्षमता अमर्याद नसते. रक्तातील साखर १०० मिलिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की वेचणारे हात अपुरे पडू लागतात व उरलेली साखर मूत्रात उतरते. आयुर्वेदीय ग्रंथांस मधुर मूत्र ठाऊक होते. रोगाचे नावच मधुमेह ठेवले गेले. त्या नावातील माधुर्याचे स्पष्टीकरण गाळणीत नसून नलिकेत आहे. अलीकडे ग्लिफ्लोझिन गटातील औषधे मुद्दामच या हातांना साखर उचलू देत नाहीत. मधुमेहासाठी निघालेली ही औषधे गुच्छांवरील ताणही कमी करतात व मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतात, असे गेल्या काही वर्षांत मोठ्या चाचण्यांतून दिसून आले आहे. परत घेण्याचे शास्त्र हाती आले नसते तर ही वाट सापडली नसती.

विदर्भ-छत्तीसगडच्या उन्हाळ्याशी मूत्रपिंडाचा संबंध बोलीभाषेने फार पूर्वी नोंदविला आहे. कडक उन्हात लघवी थोडी-थोडी, गडद व जळजळत होऊ लागली की मराठीत त्याला उन्हाळे लागणे म्हणतात. ऋतूचे नावच विकाराला दिले गेले. घाम गेल्याने शरीरातील पाणी घटते, रक्त किंचित घट्ट होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला त्याची जाणीव होऊन एक अंतःस्राव रक्तात सुटतो, आणि त्याच्या आज्ञेने नलिकांचे शेवटचे भाग पाण्यासाठी आपली दारे उघडतात. पाणी बाहेर पडून रक्तात परत जावयाचे तर नलिकेबाहेरचा भाग आतल्यापेक्षा खारट असला पाहिजे. ही खारट पार्श्वभूमी तयार करण्याचे काम नलिकेचे लांब, केसाच्या आकड्यासारखे वळण करते. जर्मन शारीरज्ञ हेन्ले याने हे वळण १८६२ मध्ये वर्णिले; त्याचा उपयोग काय हे कळावयास मात्र १९४२ व १९५१ मधील वेर्नर कून व त्याच्या सहकाऱ्यांचे लेखन उजेडात यावे लागले. वळणाच्या दोन बाजूंतून द्रव विरुद्ध दिशांनी वाहतो, आणि चढत्या बाजूने बाहेर टाकलेले मीठ खोलवर साचत जाते. या योजनेमुळे माणसाचे मूत्र रक्ताच्या चौपट घट्ट होऊ शकते. त्याहून अधिक नाही. त्यामुळे कितीही तहान सोसली तरी दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर पाणी टाकाऊ पदार्थ वाहून नेण्यासाठी खर्चावेच लागते.

मूत्र फार घट्ट झाले की त्यातील क्षार, बहुधा कॅल्शियम ऑक्झलेट, स्फटिकरूपाने बाहेर पडतात व मुतखडा धरतो. भट्टीसमोर किंवा शेतात उन्हात राबणाऱ्यास भरपूर पाणी प्यावे असे सांगतात ते यथार्थच आहे. आज्यांनी धन्या-जिऱ्याचे पाणी दिले तर त्यातील पाण्याचा उपयोग निश्चित होतो. धन्या-जिऱ्याविषयी मतभेद असू शकेल.

पण येथेच गाळणीचे रूपक घातक वळण घेते. मुतखड्याला लागू असलेला उपाय मूत्रपिंडाच्या ऱ्हासाला लागू केला जातो. गाळणी तुंबली तर ती पाणी सोडून धुवावी, हा स्वयंपाकघरातील अनुभव. त्यावरून गुर्दे कमजोर झाले असे कळताच रुग्णाला तांब्यामागून तांब्या पाणी पाजणे, रक्तशुद्धीची म्हणून विकली जाणारी चूर्णे व भस्मे देणे हे ओघानेच येते. वस्तुतः मूत्रपिंडाचा ऱ्हास म्हणजे गाळणी तुंबणे नव्हे. नेफ्रॉनच नष्ट होतात, आणि माणूस जन्माला आल्यानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही. उरलेले नेफ्रॉन गेलेल्यांचे काम अंगावर घेतात. त्यांच्यातील दाब वाढतो आणि त्या ताणाने तेही कालांतराने निकामी होतात. ज्यांची पाणी बाहेर टाकण्याची क्षमताच संपत आली आहे त्यांना अधिक पाणी पाजले तर ते पायांत व फुप्फुसांत साचते. भस्मांतील जड धातू तर थेट नलिकेच्या पेशींवर आघात करतात. ज्याला धुणे समजले जाते ते प्रत्यक्षात ओझे ठरते.

या ऱ्हासाचे दुसरे लक्षण म्हणजे त्याची नीरवता. निम्म्याच्या आसपास कार्य गेले तरी रक्तातील क्रिएटिनीन फारसे वाढत नाही आणि रुग्णास काही जाणवत नाही. लघवी तर नेहमीइतकीच होत राहते; गाळणी चालू आहे असा तिचा अर्थ लावला जातो. खरे पाहता १८० लिटरांऐवजी ३० लिटरच पाझरले तरी त्यातील दीड लिटर बाहेर टाकणे सहज शक्य असते. लघवीच्या मापावरून मूत्रपिंडाची परीक्षा होत नाही, ती लघवीत काय आहे त्यावरून होते. गुच्छाची भिंत बिघडली की अल्ब्युमिन झिरपू लागते, आणि मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांत ही साधी लघवीची तपासणी बाकी सर्व लक्षणांच्या आधी इशारा देते. भारतात मूत्रपिंडे निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेह हेच आहे. याखेरीज काही विवक्षित गावांत हा रोग निराळ्या स्वरूपात दिसतो. छत्तीसगडमधील गरियाबंद जिल्ह्यात, देवभोग भागातील सुपेबेडा या गावी या शतकाच्या पहिल्या दशकापासून मूत्रपिंडाच्या विकाराने अनेक माणसे दगावली. विदर्भात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा अशाच तक्रारींसाठी परिचित आहे. आंध्रातील उद्दानम आणि मध्य अमेरिकेतील उसाचे मळे यांचीही नावे या संदर्भात घेतली जातात. पिण्याच्या पाण्यातील क्षार व धातू, कीटकनाशके, उन्हातील कष्ट व वारंवार होणारा जलक्षय यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही. दोष पाण्याच्या गुणवत्तेत असल्यास तेच पाणी अधिक पिण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा, हा प्रश्न मात्र तेथील माणसांनी केव्हाच विचारला आहे.

मूत्रपिंडे पूर्णतः निकामी झाली की डायलिसिसचा आधार घ्यावा लागतो. विलेम कोल्फ या डच डॉक्टराने १९४३ मध्ये, जर्मन अंमलाखालील हॉलंडमध्ये, सॉसेजच्या सेलोफेन वेष्टनाची नळी लाकडी पिंपावर गुंडाळून पहिले उपयुक्त यंत्र केले. त्याचे प्रारंभीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ मध्ये एक वाचली. गाळणीचे रूपक ज्याला अक्षरशः लागू पडते ते हे यंत्र होय. पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त, दुसऱ्या बाजूने क्षारांचे पाणी. लहान रेणू छिद्रांतून पलीकडे जातात. परत वेचून घेण्याची विद्या यंत्राला नाही. म्हणून पलीकडच्या पाण्यात सोडियम, कॅल्शियम इत्यादी क्षार रक्तातल्याइतक्याच प्रमाणात आधीच घालून ठेवावे लागतात, म्हणजे ते रक्तातून निसटत नाहीत. निवड नलिकेऐवजी माणसाने आधी करून ठेवलेली असते. शिवाय मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास काम करते. यंत्राच्या वाट्यास दोन-तीन वेळा चार-चार तास येतात. रक्तपेशी निर्माण करण्याची सूचना देणारा व हाडांसाठी ड जीवनसत्त्वास कार्यक्षम करणारा मूत्रपिंडाचा भाग यंत्रात मुळातच नाही. त्यासाठी औषधे द्यावी लागतात.

नेहरू नगरातील त्या वृद्ध रुग्णाच्या घरी यानंतर पाण्याचे माप सुरू होते. आदल्या दिवशी जितकी लघवी झाली तितके, अधिक सुमारे अर्धा लिटर, एवढेच पाणी दिवसभरात द्यावयाचे असा साधारण दंडक डॉक्टर सांगतात. ज्यांना लघवी होणेच थांबले आहे त्यांना अर्थात तो अर्धा लिटरच उरतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसकडे झुकलेला असताना, हे पाळणे सोपे नाही. अशा घरांत एक युक्ती रूढ आहे. दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून भरून ठेवतात. चहा, ताक, वरण, औषधाबरोबरचा घोट, जे जे पातळ पोटात जाईल तेवढे पाणी त्या बाटलीतून काढून टाकतात, आणि संध्याकाळी बाटलीत जे उरेल ते रात्रीचे. कोपऱ्यातला माठ पाझरत असतो. त्याच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही.